वागणं मुद्दाम आहे की आपोआप, हे निवडीच्या प्रयोगांतून कळू शकतं का?

मृण्मयी_क

गेले काही दिवस एका प्रयोगाने डोक्यात घर केलं आहे, म्हणून हा धागा.

अमेरिकेत ओरेगन राज्यात पोर्टलंडला रीड कॉलेज आहे. तिथले मानसशास्त्रज्ञ ॲलन न्यूरिंगर आणि त्यांचे दोन सहकारी यांनी २००७ साली पाच प्रयोग प्रसिद्ध केले. संगणकाच्या पडद्यावर एकेक पात्र निवडी करताना दिसायचं. हा पर्याय, तो पर्याय, पुन्हा हा. कुठल्या निवडीला बक्षीस मिळालं तेही दिसायचं. बघणाऱ्याने एवढंच सांगायचं की खरा माणूस स्वतःच्या मर्जीने निवडतो त्याच्या हे कितपत जवळ जातं. पडद्यामागे माणूस कुणीच नव्हता. सगळ्या पात्रांच्या निवडी एकाच गणिती सूत्रातून आलेल्या होत्या, फक्त सूत्रातला एक आकडा प्रत्येकासाठी वेगळा ठेवला होता.

सूत्र समजायला सोपं आहे. समजा 'अ'कडून 'ब'च्या तिप्पट बक्षिसं मिळाली. एक पात्र त्याच प्रमाणात, म्हणजे शंभरातल्या ७५ वेळा 'अ'कडे जातं. दुसरं ९० वेळा 'अ'लाच चिकटतं. तिसरं जेमतेम ६३ वेळा जातं, त्याला बक्षिसाची फारशी पर्वा नाही. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण तत्त्व हेच. पाचही प्रयोगांत लोकांना सर्वांत जास्त मर्जीचं वागणं वाटलं ते पहिल्या प्रकारच्या पात्राचं. आणि त्यातही क्रम ठरावीक साच्याचा नको, पुढची निवड फाशासारखी अनिश्चित हवी. साचा आला की 'हा आपल्या मनाने निवडतोय' ही भावना उतरायची.

या सूत्राचं मूळ कबुतरांवरच्या प्रयोगांत आहे, त्यावर कुणाला रस असेल तर पुढे लिहीन.

माझं मत स्पष्ट मांडते. स्वेच्छेच्या वागण्यात दोन गोष्टी एकत्र नांदतात: परिणामांचं भान, आणि तरीही पुढचं पाऊल नेमकं न सांगता येणं. फक्त परिणामांवर चालणारं वागणं यंत्रवत वाटतं, नुसतं अनिश्चित वागणं झटक्यासारखं. निवडीच्या प्रयोगांनी ही जोडी मोजता येईल अशी समोर ठेवली, हे मला फार मोठं वाटतं. तुम्हाला काय वाटतं? प्रयोगशाळेतली निवड आपल्याला 'मुद्दाम'चा अर्थ सांगू शकते का?

चिंचोके

कबुतरं आली म्हणजे आम्हा मुंबईकरांत वादाला तोटा नाही. शंभर प्रतिसाद कुठे गेले नाहीत. जागा धरून ठेवतो.

दूरदेशी

न्यू जर्सीहून नमस्कार. मृण्मयी, या विषयात लिबेला वगळून पुढे जाता येणार नाही.

मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबे, सॅन फ्रान्सिस्को, १९८३. माणसाला सांगितलं, वाटेल तेव्हा मनगट हलव. समोर घड्याळासारख्या तबकडीवर एक ठिपका फिरतोय, २.५६ सेकंदांत एक फेरी. 'आता हलवावं' असं वाटलं तेव्हा ठिपका कुठे होता ते सांगायचं. डोक्याला लावलेल्या तारांवर विद्युत लाट मोजली जात होती. ही लाट कोर्नह्यूबर आणि डेके या जर्मन संशोधकांनी १९६५ मध्येच दाखवली होती. लिबेला दिसलं की लाट हालचालीच्या साधारण ५५० मिलिसेकंद आधी सुरू होते आणि 'हलवावं' ही जाणीव साधारण २०० मिलिसेकंद आधी. म्हणजे मेंदूची तयारी आधी, इच्छा नंतर.

२००८ मध्ये हेन्स आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या स्कॅनवरून डावं बटण की उजवं हे काही सेकंद आधीच ओळखायचा प्रयत्न केला. यश साधारण ६० टक्के, म्हणजे छापा-काट्यापेक्षा थोडंच बरं, पण बरं.

मग कबुतरांनी दाणे कुठल्या प्रमाणात टिपले याने काय सिद्ध होणार? निर्णय कुठून आला हा खरा प्रश्न आहे, आणि तो प्रश्न मेंदूलाच विचारला पाहिजे.

गारगोटी

दूरदेशी, लिबेच्या प्रयोगात निवड कुठे आहे ते आधी दाखवा. मनगट आत्ता हलवलं काय नि दोन सेकंदांनी हलवलं काय, काही फरक पडतो का? ना नफा ना तोटा. ज्या निवडीचा परिणामच नाही, तिच्यावरून माणसाच्या मर्जीचा निवाडा करायचा, हे मला कधीच पटलं नाही.

२०१२ मध्ये ॲरन शर्गर आणि सहकाऱ्यांनी त्या लाटेचंच वेगळं स्पष्टीकरण दिलं. मेंदूत सतत चढउतार चालू असतात. 'कधीही हलव' म्हटलं की तो चढउतार एका पातळीला पोहोचला की हालचाल होते. आता तुम्ही हालचालीच्या क्षणापासून मागे मोजत सरासरी काढलीत, तर चढतीच दिसणार. ती निर्णयाची नांदी असेलच असं नाही.

आणि २०१९ चा उरी माओझ यांच्या गटाचा प्रयोग तर थेट मुद्द्यावर आहे. लोकांना दोन सामाजिक संस्थांपैकी एक निवडायला दिली. काही वेळा निवडीवरून देणगी खरोखर कुणाला मिळणार ते ठरत होतं, काही वेळा निवडीने काहीच फरक पडत नव्हता. बिनमहत्त्वाच्या निवडीआधी ती प्रसिद्ध लाट दिसली. महत्त्वाच्या निवडीआधी जवळजवळ नाहीच.

त्यामुळे मी मृण्मयीताईंच्या बाजूने. परिणाम नसलेली निवड अभ्यासून काही हाती लागत नाही.

दूरदेशी

माओझचा मुद्दा मान्य. शर्गरचं म्हणणं पर्यायी स्पष्टीकरण आहे, त्यावर वाद चालू आहे. पण मर्जीचा शोध मेंदूत घ्यावा, हे मी सोडत नाही.

पैठणी७

कबुतरांचं कुणीतरी नीट सांगा ना. मी वाणिज्य शाखेची आहे, पण वाचायला मजा येतेय.

मृण्मयी_क

पैठणी, सांगते.

१९६१, हार्वर्ड, रिचर्ड हर्नस्टीन. कबुतरासमोर दोन चकत्या. दोन्हींवर चोच मारून दाणा मिळू शकतो, पण दाणा 'तयार' होतो तो अधूनमधून, आणि दोन्ही चकत्यांचा सरासरी वेग वेगळा. हर्नस्टीनला आढळलं की कबुतर डावीकडे ज्या प्रमाणात चोची मारतं ते डावीकडून मिळणाऱ्या दाण्यांच्या प्रमाणाशी जुळतं. याला जुळणीचा नियम म्हणतात. १९७४ मध्ये विल्यम बॉम यांनी त्यात संवेदनशीलतेचा आकडा घातला, कारण प्रत्यक्षात प्राणी अगदी तंतोतंत जुळतातच असं नाही. तोच आकडा न्यूरिंगरनी पात्रांसाठी बदलला.

दुसरा प्रयोग मला आणखी आवडतो. १९८५, सुझॅन पेज आणि न्यूरिंगर. कबुतराने दोन चकत्यांवर आठ चोची मारायच्या, डावी-उजवी कुठल्याही क्रमाने. असे २५६ क्रम शक्य आहेत. दाणा मिळणार फक्त तेव्हा, जेव्हा या वेळचा क्रम मागच्या पन्नास क्रमांहून वेगळा असेल. आणि कबुतरांना ते जमलं! मग तुलनेसाठी दाणे तेवढेच ठेवले, फक्त वेगळं वागण्याची अट काढून टाकली. वैविध्य घसरलं, चोची एका ठरावीक चाकोरीत गेल्या. म्हणजे अनिश्चित वागणं हा निव्वळ मेंदूतला गोंधळ नाही. त्याचं फळ मिळत असेल तर प्राणी ते वाढवतो, फळ थांबलं की आवरतो. अनिश्चितताही परिणामांच्या ताब्यात असते, हा शोध मला विलक्षण वाटतो.

खडीसाखर

प्रयोग सुंदर आहेत, पण निष्कर्ष घाईचा आहे.

पहिली गोष्ट. हुशार माणूस जास्त बक्षीस देणारा पर्यायच कायम घेईल. ७५ टक्के 'अ' आणि २५ टक्के 'ब' हा तोट्याचा व्यवहार. मग तोट्यात वागणारं पात्र जास्त 'मर्जीचं' कसं?

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. मृण्मयी, तुम्हीच सांगितलंत की पडद्यामागे माणूस नव्हता. सूत्राने लोकांना पटवलं की इथे मर्जी आहे, आणि मर्जी तर नव्हतीच! म्हणजे प्रयोगाने मोजलं ते बघणाऱ्याचं मत. मर्जी कशी दिसते ते कळलं, ती कशी घडते ते नाही. ह्यात फरक मोठा आहे आणि तो पुसला जाऊ नये.

मृण्मयी_क

पहिल्याचं उत्तर सोपं. बक्षीस कसं येतं त्यावर ते ठरतं. प्रत्येक वेळी नवा फासा टाकायचा असेल तर तुमचं बरोबर, जास्त देणाऱ्यालाच धरून बसावं. पण हर्नस्टीनच्या मांडणीत दाणा वेळेनुसार तयार होतो आणि टिपेपर्यंत थांबून राहतो. दुर्लक्षित चकतीवर मधूनमधून गेलं तर तिथला साठलेला दाणा मिळतो. अशा जगात दोन्हीकडे जाणं शहाणपणाचं आहे. आपलं रोजचं जग बरंचसं असंच आहे.

दुसऱ्यावर मला विचार करू दे. मुद्दा टोकदार आहे.

आबा_दिंडीवाले

मी शास्त्रज्ञ नाही, निवृत्त शिक्षक आहे. वाचून एक गोष्ट खटकली म्हणून लिहितो.

आमच्या घराण्यात वारी आहे. ज्येष्ठात आळंदीहून माउलींची पालखी निघाली की तीच वाट, तेच मुक्काम, तीच आषाढी. वाटेत ऊन, पाऊस, पायाला फोड. माझे वडील गेले, मी गेलो, आता मुलगा येतो. तुमच्या पडद्यावर वारकऱ्याची पंचवीस वर्षं दाखवली तर दरवर्षी एकच निवड दिसेल. क्रमात बदल नाही. बघणारे म्हणतील, हे यंत्र आहे. पण माझ्या आयुष्यात वारीइतकी मनापासून केलेली दुसरी गोष्ट नाही. रोज सकाळी चहा घ्यावा की कॉफी, यात मला मर्जीचा काही मोठेपणा दिसत नाही.

वचन पाळणारा माणूस, व्रत धरणारी बाई, दररोज रियाज करणारा गवई, हे सगळे ठरावीक वागतात. त्यांनी स्वतःच ते ठरवलेलं असतं. हे तुमच्या मोजमापात कुठे बसतं?

गारगोटी

आबा, नमस्कार. या धाग्यावरचा सर्वांत जड प्रश्न तुम्ही विचारलात.

माझं उत्तर असं: नुसता क्रम पाहून कळणार नाही, परिस्थिती बदलून पाहावं लागेल. २०२० साली करोनात पायी वारी बंद झाली आणि संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. लाखोंच्या मनात वारी होती, पाय घरात होते. यंत्र असतं तर चालत सुटलं असतं, किंवा वाट बंद म्हणून जागीच अडलं असतं. वारकऱ्यांनी घरात पारायण केलं, कुणी दारातच टाळ धरला. ध्येय तेच राहिलं, मार्ग बदलला. न्यूरिंगर ज्याला वैविध्याची क्षमता म्हणतात ती इथे दिसते. ती रोज वापरावी लागत नाही, गरज पडली की वापरता यावी लागते.

आबा_दिंडीवाले

हे पटलं, पण अर्धं. क्षमता असणं आणि मर्जी असणं एकच का? ज्याच्याकडे क्षमता आहे आणि जो कधीच वेगळं वागला नाही, त्याच्या मनात काय होतं ते तुमच्या प्रयोगाला दिसणार नाही.

चिंचोके

आबा, उद्या सकाळी चहा घ्या की कॉफी, वारी मात्र चुकवू नका. दिंडीत मलाही एकदा यायचंय.

सावनी_आई

नेहमी फक्त वाचते, आज लिहावंसं वाटलं. माझ्यासाठी हा प्रश्न पुस्तकी नाही.

माझा मुलगा दहा वर्षांचा. त्याला टुरेट आहे. डोळे मिचकावणं, मान झटकणं, घशातून आवाज. सहा-सात वर्षांचा असताना सुरू झालं, कधी वाढतं, कधी कमी होतं. शाळेत बाईंचं म्हणणं, तो मुद्दाम करतो. त्यांचा पुरावा काय? स्पर्धेच्या आधी त्याला सांगितलं, 'आवाज केला नाहीस तर चित्रकलेचा डबा देईन', तर तो अर्धा तास गप्प बसला. 'बघा, थांबवता येतं, म्हणजे करतो तोच.'

मृण्मयी, तुमच्या मोजमापाने बाई बरोबर ठरतात. परिणाम बदलला, वागणं बदललं. पण तो अर्धा तास त्याने कसा काढला ते मी पाहिलं आहे. मुठी आवळून, तोंड लाल करून. गाडीत बसल्यावर सगळं उसळून बाहेर आलं. तो म्हणतो, आधी खाज सुटल्यासारखं काहीतरी होतं, आणि ते केल्याशिवाय जात नाही.

तर सांगा. माझं लेकरू मुद्दाम करतं का?

डॉ_बकुळ

सावनीताई, नाही. मी लहान मुलांच्या वर्तनोपचारांत काम करते, टिक, म्हणजे असे झटके नि आवाज, असलेली मुलं रोज बघते. जरा सविस्तर लिहिते, कारण इथेच हा सगळा धागा खऱ्या अर्थाने तपासला जातो.

बक्षीस दिल्यावर टिक कमी होतात हे संशोधनात दिसलं आहे. २००४ मध्ये वुड्स आणि हिमले यांनी टुरेट असलेल्या मुलांना आधी नुसतं सांगून पाहिलं की दाबून ठेवा, मग टिक न आलेल्या वेळासाठी बक्षीस देऊन पाहिलं. नुसत्या सांगण्याचा परिणाम थोडा, बक्षिसाचा खूप जास्त. त्यामुळे बाईंनी जे पाहिलं ते खरं आहे. त्यांनी काढलेला अर्थ खरा नाही.

यात दोन वेगळी वागणी आहेत. एक टिक, आणि दुसरं टिक दाबून धरणं. परिणामांना प्रतिसाद देतं ते दाबून धरणं. ते पूर्णपणे मुलाचं आहे, त्याच्या मर्जीचं आणि कष्टाचं. टिक ही त्या आधीच्या अस्वस्थ ओढीने खेचून आणलेली हालचाल. आता मृण्मयीच्या जोडीतला दुसरा भाग लावा. टिकला वैविध्य आहे का? त्या क्षणी मुलाला मान झटकण्याऐवजी हात हलवून ती ओढ शमवता येते का? बहुतेक वेळा नाही. तीच हालचाल, तशीच, 'बरोबर' वाटेपर्यंत. मोकळी निवड असती तर शंभर वाटा असत्या. इथे वाट एकच, आणि तिच्यासमोर धरलेला बांध मुलाचा.

म्हणून 'बक्षिसाने बदलतं म्हणजे मुद्दाम' हे सूत्र एकट्याने वापरलं तर घातक आहे. जोडी लागते.

दूरदेशी

डॉ. बकुळ, इथे मेंदूच्या लाटेचाही उपयोग झाला आहे. १९८१ मध्ये ओबेसो, रॉथवेल आणि मार्सडन यांनी टुरेट असलेल्या काही रुग्णांची नोंद घेतली. खऱ्या टिकच्या आधी ती तयारीची लाट नव्हती. त्याच रुग्णांना तीच हालचाल मुद्दाम करून दाखवायला सांगितली, तर लाट आली. हालचाल दिसायला सारखी, आतली घडण वेगळी. नंतरच्या अभ्यासांत काही रुग्णांत टिकच्या आधीही लाट सापडली, त्यामुळे हा दाखला शंभर टक्के चालणारा नाही. तरीही सावनीताई, बाईंना हे जरूर सांगा.

खडीसाखर

दूरदेशींचा हा दाखला मला फार मोलाचा वाटतो. एकच हालचाल, एकदा नकळत, एकदा मुद्दाम. प्रयोग असा हवा. बघणाऱ्याच्या मताची त्यात गरजच नाही.

सावनी_आई

डॉक्टर, तुमचं लिखाण नवऱ्याला वाचून दाखवलं. 'बांध मुलाचा' हे वाक्य दोघांनाही लागलं. धन्यवाद.

रानवारा

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक आहे. आमच्याकडे रोज हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो. टुरेटमध्ये लोक म्हणतात 'मुद्दाम करतो' आणि ते चूक असतं. दारूत घरचे म्हणतात 'मुद्दाम पितो', आणि पिणारा म्हणतो 'माझ्या हातात नाही'. दोघेही अर्धे बरोबर.

निवडीच्या प्रयोगांनी इथे मोठी उलथापालथ केली आहे. उंदरांना कोकेन दिलं की ते दांडी दाबत राहतात, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण त्या पिंजऱ्यात दुसरं काही नसायचं. २००७ मध्ये फ्रान्समध्ये सर्ज अहमद यांच्या गटाने कोकेनच्या दांडीशेजारी सॅकरिनचं गोड पाणी ठेवलं. ९४ टक्के उंदरांनी गोड पाणी पसंत केलं. २०१८ मध्ये वेनिरो आणि सहकाऱ्यांनी अंमली पदार्थ आणि दुसऱ्या उंदराची सोबत, यांत निवड दिली. सोबत जिंकली.

म्हणजे दारूच्या ओढीतही परिणामांचं भान संपलेलं नसतं. पर्यायांचं जग आक्रसलेलं असतं. घरी भांडण, कामावर कुणी घेत नाही, संध्याकाळी जायला जागा एकच. अशा माणसाने सतत एकच निवड केली तर तिला मर्जी म्हणायचं की कोंडी? पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं तेव्हापासून महाराष्ट्रात किती कुटुंबांनी पाहिलं आहे की त्याच माणसाला माणसं आणि काम मिळालं की तोच वेगळं निवडू लागतो. सगळे नाही, आणि पहिल्या खेपेला तर कमीच. पण निवडतात.

माझ्यापुरता निष्कर्ष: मर्जी माणसाच्या आत शोधण्यापेक्षा, त्याच्यासमोर खरोखर किती दारं उघडी आहेत ते आधी बघा. प्रयोगांनी हे मला शिकवलं.

आबा_दिंडीवाले

रानवारा, अर्जुनानेही हेच विचारलं होतं. इच्छा नसताना, कुणी बळाने ढकलल्यासारखा माणूस पाप का करतो? भगवंतांनी काम आणि क्रोध असं उत्तर दिलं. तुम्ही दारं मोजायला सांगता. मला दोन्ही लागतात.

वकील_करवीर

कोल्हापुरातून. कायद्याची बाजू राहिलीच की! थोडक्यात मांडतो.

भारतीय दंड संहितेत कलम ३९ मध्ये 'स्वेच्छेने' म्हणजे काय ते १८६० पासून लिहून ठेवलेलं होतं. आता तीच व्याख्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २ मध्ये आलीय. गाभा असा: परिणाम घडवायचा हेतू होता, किंवा तो घडण्याची शक्यता आहे हे माहीत होतं वा माहीत असायला सबळ कारण होतं, तर तो स्वेच्छेने घडवला. उदाहरणही दिलंय. जबरी चोरी सोपी जावी म्हणून रात्री मोठ्या शहरात राहत्या घराला आग लावली आणि माणूस मेला. मारायचं नव्हतं, वाईटही वाटलं असेल. पण मरू शकतो हे ठाऊक होतं, तर मृत्यू स्वेच्छेने घडवलेला. बघा, मेंदूत लाट कधी आली ते कायदा विचारत नाही. परिणामांचं भान विचारतो. मृण्मयीताईंच्या जोडीतला पहिला भाग!

दुसरा भागही सापडतो. नौदल अधिकारी नानावटींनी बायकोच्या प्रियकराला गोळी घालून मारलं, तो खटला मुंबईत १९५९ मध्ये घडला. बचाव होता अचानक आणि गंभीर चिथावणीचा, म्हणजे स्वतःवरचा ताबा गेला. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. घर सोडल्यापासून गोळी झाडेपर्यंत जवळपास तीन तास गेले होते. मधल्या वेळात बायकामुलांना सिनेमागृहात सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं. इतक्या वेळात ताबा परत यायला पुरेशी संधी होती. दुसरी वाट धरता आली असती का, हाच तो प्रश्न.

पैठणी७

वकीलसाहेब, म्हणजे कायद्याला लिबेचं घड्याळ नको, भिंतीवरचंच पुरतं!

खडीसाखर

मृण्मयी, माझ्या दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर अजून यायचं आहे. सूत्रावर चालणारं पात्र लोकांना मर्जीचं वाटलं. एकतर सूत्रालाही मर्जी आहे म्हणा, नाहीतर जोडीचा निकष दिसण्यापुरता आहे हे मान्य करा.

मृण्मयी_क

खडीसाखर, विचार झाला. नेटाने विचारत राहिलात म्हणून हे लिहिता येतंय.

२००७ च्या प्रयोगाने एकट्याने फक्त दिसणंच सिद्ध होतं, हे मान्य. पण तो प्रयोग मी १९८५ च्या शेजारी ठेवते. तिथे कुणाचं मत विचारलं नव्हतं. अट बदलली आणि जिवंत प्राण्याच्या वागण्यातलं वैविध्य बदललं. पडद्यावरच्या पात्राला हे करता आलं नसतं. त्याची अनिश्चितता आणि त्याची संवेदनशीलता बाहेरून नेमून दिलेली होती. बक्षीस कसंही वाटलं तरी त्याचा आकडा तोच राहणार. कबुतर स्वतःचा आकडा बदलतं. कधी पसरायचं, कधी चिकटून राहायचं, हेच ते परिणामांवरून शिकतं. मी सुरुवातीला जोडी म्हटलं होतं. आता त्यात एक पायरी जोडते: त्या दोहोंचा तोल स्वतःला बदलता येणं.

आबांच्या वारीला हे लागू होतं. त्यांनी तोल एका बाजूला, ठरावीकपणाकडे, स्वतः नेला आहे. सावनीच्या मुलाच्या टिकमध्ये नेमका हा तोल त्याच्या हातात नाही, म्हणून दाबून धरण्याला एवढे कष्ट. रानवारांच्या माणसाला दारं उघडल्यावर तोल परत सापडू लागतो.

तेव्हा माझं उत्तर: हो, निवडीच्या प्रयोगांतून कळतं, पण एका झलकेत नाही. परिस्थिती फिरवून, पुन्हा पुन्हा पाहून कळतं. एक निवड बघून मुद्दाम की आपोआप हे कुणीच सांगू नये, शाळेतल्या बाईंनीही नाही आणि न्यूरोशास्त्रज्ञांनीही नाही.

खडीसाखर

हे जास्त भक्कम झालं. तरी उद्या कुणी असं सूत्र लिहिलं की जे स्वतःचा आकडा स्वतः बदलतं, आणि अशी शिकणारी सूत्रं लिहिली जातातच, तर? त्यांना तुम्ही मर्जी देणार का? मी देणार नाही. मला वाटतं त्यासाठी काहीतरी पणाला लागावं लागतं. कबुतराला भूक असते. सूत्राला काहीच गमवायचं नसतं.

मृण्मयी_क

भूक. हा मुद्दा मी लिहून घेतला. यावर वेगळा धागा काढूया का? इथे सावनीला आधी उत्तर मिळू दे.

सावनी_आई

शुक्रवारी शाळेत बोलावलं आहे. मुख्याध्यापिका आणि बाई दोघी असतील. भांडायचं नाही, पण ठाम बोलायचं आहे. काय सांगू?

डॉ_बकुळ

हे सांगा. टिक आली की वर्गात बोलून दाखवू नका, लक्ष वेधल्याने त्या वाढतात. त्याला शेवटच्या बाकाजवळ, दाराशी बसू द्या आणि न विचारता पाच मिनिटं बाहेर जाऊन यायची मुभा द्या. परीक्षेत वेगळी खोली आणि थोडा जास्त वेळ. 'थांबव' असं सांगू नका, कारण थांबवण्यात लक्ष गेलं की धडा कानावर पडत नाही. गप्प बसण्यासाठी बक्षीस तर अजिबात नको.

उपचारही आहेत. ओढ ओळखायची आणि टिकशी जमणार नाही अशी दुसरी हालचाल धरायची, असं मुलाला शिकवतात. १२६ मुलांवरचा मोठा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात याचा चांगला उपयोग दिसला. तेव्हा बाई 'काहीच करता येत नाही का' म्हणाल्या तर म्हणा, येतं, पण प्रशिक्षित माणसाकडून आणि मुलाच्या गतीने.

आबा_दिंडीवाले

चाळीस वर्षं शिकवलं. ताई, बाईंना आधी विचारा की त्यांना वर्गात काय अडचण होते. ते ऐकून घ्या, मग डॉक्टरांचं सांगा. शिक्षकाला चूक ठरवून सुरुवात केली की तो कान बंद करतो.

सावनी_आई

दोन्ही लिहून घेतलं. डॉक्टर, हे एका पानावर मराठीत टाइप करून मिळेल का? बाईंच्या हातात देता येईल.

डॉ_बकुळ

आज रात्री करते. व्यक्तिगत निरोपात मुलाची इयत्ता तेवढी कळवा.